बाबा ७१ चे, आई गेल्यापासून सिगारेट खूप वाढलीये. या वयात सोडायला लावली तर मन अजून खचेल का?

नाशिकरोडची_लेक

नमस्कार. बाबांबद्दल विचारायचंय, थोडं लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय लक्षात येणार नाही.

बाबांचं वय ७१, प्रेसमधून रिटायर झालेले. सिगारेट नोकरीला लागले तेव्हापासूनची, शिफ्ट सुटली की गेटबाहेर चहा आणि एक सिगारेट हे ठरलेलंच. पण घरात ओढायची नाही हा आईचा नियम होता आणि ती होती तोवर तो त्यांनी पाळला, दिवसाला चार-पाचच्या वर जायची नाही. मागच्या वर्षी आई गेली. आता गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि एक विझते न विझते तोच दुसरी पेटते, संध्याकाळपर्यंत पाकीट संपलेलं असतं, मग खाली टपरीवर सुट्या आणायला जातात (२०२० पासून आपल्याकडे सुट्या विकायला बंदी आहे म्हणे, पण मिळतात सर्रास).

आधी रोज सकाळी चालायला जायचे, ज्येष्ठ नागरिक संघातही जायचे, आता दोन्ही बंद. पेपर उघडून बसतात पण पान उलटत नाही. पहाटे तीन साडेतीनला उठतात आणि पहिली सिगारेट तेव्हाच. जेवण निम्म्यावर आलंय. रडत नाहीत, वाईट वाटतंय असं एकदाही बोलले नाहीत, पण गॅस झालाय, छातीत जड वाटतंय, पाय ओढतायत, डोकं भणभणतंय ही तक्रार रोज असते, तपासण्या केल्या तर हार्टचं काही निघालं नाही. दम मात्र आहे, सीओपीडी (फुप्फुसाचा दम लागणारा जुनाट आजार) सांगितलंय, इनहेलर आणि डेरीफायलिनच्या गोळ्या चालू आहेत आणि त्यावर हा धूर.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, या वयात सोडायला लावू नका, आधीच एकटे पडलेत, डिप्रेशनमध्ये जातील. दादा पुण्याहून फोनवर सांगतो की पाकीट हातातून काढून घे, पैसेच देऊ नको. पेन्शन त्यांची आहे, पैसे न देणारी मी कोण, आणि ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं त्याच्या हातातून वस्तू हिसकावून घ्यायची हे मला जमणार नाही.

तर विचारायचं हे की मन आधी नीट करायचं का सिगारेट आधी? खरंच सोडली की डिप्रेशन येतं का? आणि वरची खालची दोन्ही कवळी आहे, तर ते निकोटिनचं च्युइंगम चालेल का? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी प्लीज लिहा, बाबांना असं बघवत नाही.

सातपूर_शिफ्ट

ताई, वाचून वाईट वाटलं. माझं मत विचाराल तर राहू द्या. माझे सासरे पंचाहत्तरीचे, सासूबाई गेल्यावर त्यांचंही असंच झालं, आम्ही घरच्यांनी मिळून सिगारेट सोडायला लावली तर पंधरा-वीस दिवस कुणाशी धड बोलले नाहीत, जेवायला बसवायचं म्हणजे भांडण, रात्र रात्र येरझाऱ्या. शेवटी मेव्हण्याने पाकीट आणून दिलं तेव्हा कुठे माणूस हसला. एवढं आयुष्य काढल्यावर त्यांच्याकडे एक सुख उरलंय, तेही काढून घ्यायचं का? आणि सत्तरीनंतर सोडून असा काय फरक पडणार आहे.

समुपदेशक_गोदाकाठ

मी नाशिकमध्येच एका हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात समुपदेशक आहे, ज्येष्ठ नागरिक रोज भेटतात आणि तुमच्या बाबांसारखे तर खूपच. औषधाचं डॉक्टर ठरवतील, बाकी मला जे माहीत आहे ते सांगते.

सातपूर_शिफ्ट, तुमचे सासरे पाकीट मिळाल्यावर हसले हे अगदी खरं असणार, पण ते का हसले ते बघा. झुरका घेतला की निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन सुटतं, बरं वाटतं. पण साधारण २ तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि मग चिडचिड, हुरहुर, कशात लक्ष न लागणं सुरू होतं. ती तलफ. पुढची सिगारेट ओढली की ती तलफ शमते आणि माणसाला वाटतं सिगारेटने माझं टेन्शन घालवलं. सावकाराचा हप्ता भरला की दोन दिवस हलकं वाटतं तसं आहे हे, हप्ता भरण्यात सुख वाटतं पण कर्ज त्याचंच असतं. त्यात सोडल्यावरचा त्रास पहिल्या २-३ दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि २ ते ४ आठवड्यांत बराचसा ओसरतो. म्हणजे तुमच्या सासऱ्यांचा सगळ्यात अवघड भाग पार पडत आला होता, आणि तोही त्यांनी काही औषध नाही, मदत नाही, असा नुसत्या जिवावर काढला होता. म्हणून मला त्यांचं कौतुकच वाटतं, परत प्रयत्न केला तर जमेल त्यांना.

आता मुख्य प्रश्न, सोडली की डिप्रेशन येतं का. यावर चांगला अभ्यास झालेला आहे. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिलं होतं, सोडणाऱ्यांमध्ये उदासी, चिंता, ताण हे ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेले दिसले, आणि हा फरक डिप्रेशनच्या गोळ्यांनी पडतो तेवढा किंवा जास्तही होता, ज्यांना आधीपासून मानसिक आजार होता त्यांच्यातही. २०२१ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने त्याहून कितीतरी जास्त, १०२ अभ्यास घेऊन परत तेच पाहिलं आणि सोडल्याने मन बिघडतं असं काही दिसलं नाही, उलट सुधारलेलंच दिसलं. आता खरं सांगायचं तर हे बहुतेक अभ्यास माणसांवर काही महिने नजर ठेवून केलेले आहेत, ज्यांचं मन आपोआप सुधारत होतं त्यांनाच सोडता आली असंही काही प्रमाणात असू शकतं. पण "सोडली तर वेडे होतील, खचतील" या भीतीला आधार मिळत नाही. पहिले काही आठवडे कठीण जातात, त्यावरूनच ही भीती पसरते.

वयाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये १९५१ पासून ५० वर्षं डॉक्टरांवरच एक अभ्यास चालला, २००४ ला त्याचा निकाल आला, त्यात साठीला सोडणाऱ्यांचंही आयुष्य सरासरी ३ वर्षांनी वाढलेलं दिसलं. पण माझ्या दृष्टीने वर्षांपेक्षा महत्त्वाचं हे की दम कमी लागला तर माणूस जिना उतरतो, जिना उतरला तर चार लोक भेटतात. विसराळूपणाच्या आजाराचंही आहे, लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलच्या तज्ज्ञांच्या कमिशनने टाळता येण्यासारखी जी कारणं सांगितलीत त्यात धूम्रपान आहे, डिप्रेशन आहे, एकटेपणाही आहे. तुमच्या बाबांच्या बाबतीत तिन्ही एका ठिकाणी आलेत.

आणि ताई, तुम्ही जे वर्णन केलंय ना, पहाटे तीनला जाग, जेवण कमी, कशात जीव न रमणं, गॅस आणि अंगदुखी, हे मला सिगारेटच्या आधी डिप्रेशनसाठी तपासून घ्यावंसं वाटतं. म्हाताऱ्या माणसांचं डिप्रेशन बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही, शरीराच्या तक्रारीतून दिसतं, विशेषतः पुरुषांचं. "मला वाईट वाटतंय" म्हणायची सवयच नाही त्या पिढीला, "छातीत जड वाटतंय" एवढंच म्हणता येतं. बायको जाणं हे दुःख आहे, ते आजार नाही, पण वर्ष होत आलं आणि माणूस दिवसेंदिवस मिटत चाललाय तर डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे. ज्येष्ठांसाठी १५ हो-नाही प्रश्नांची साधी चाचणी असते, थोड्या वेळात होते. सोबत थायरॉइड आणि बी-१२ बघून घ्यायला सांगा, दोन्ही कमी पडलं तरी असंच मरगळल्यासारखं होतं.

आधी काय? दोन्ही एकत्र. मन बरं होऊ दे मग सिगारेट बघू म्हणत वर्षं जातात. २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये आठ हजारांवर लोकांचा एक मोठा अभ्यास आला, त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजार होता किंवा आधी होऊन गेला होता, त्यांना व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन (सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या गोळ्या) किंवा निकोटिन पॅच (कातडीला चिकटवायची पट्टी) दिले आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या मानाने मानसिक त्रासात म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही. त्यानंतर अमेरिकेत त्या गोळ्यांवरची मानसिक त्रासाबद्दलची काळ्या चौकटीतली धोक्याची सूचनाही काढली. म्हणजे डिप्रेशन असलेल्या माणसाने सोडू नये असं नाही, त्याने एकट्याने सोडू नये एवढंच.

नाशिकरोडची_लेक

खूप खूप धन्यवाद, इतकं समजावून कुणीच सांगितलं नव्हतं. वाचून जरा धीर आला.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही, लिहायला हात होत नव्हता. परवा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, आता माझं काय राहिलंय, तुझ्या आईने लवकर बोलवून घेतलं तर सुटेन. मी विषय बदलला. म्हातारी माणसं असं बोलतात असं सगळे म्हणतात. पण तेव्हापासून मला झोप नाहीये.

समुपदेशक_गोदाकाठ

बरं झालं लिहिलंत. हे वाक्य "म्हातारी माणसं बोलतात" म्हणून सोडून देऊ नका. आजच संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, टीव्ही बंद करा आणि सरळ विचारा, "बाबा, जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात तसला विचार शिरतो ही भीती खरी नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्यांचं ऐकून घ्या, "असं बोलू नये बाबा" म्हणून थांबवू नका.

हो म्हणाले, किंवा कसं करायचं याबद्दल काही बोलले, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या, रात्र असेल तर कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला. घरातला गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात ठेवा. नाही म्हणाले तरी याच आठवड्यात दाखवा. सिव्हिलला किंवा आडगावच्या मेडिकल कॉलेजला मनोविकार विभाग आहे, खाजगीतही आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, आणि तो पेशंटसाठीच आहे असं नाही, घरच्यांनीही करावा. तुम्हालाही झोप नाहीये, तुम्ही स्वतःसाठीसुद्धा करा.

मेडिकलवाला_सिडको

सिडकोत माझं मेडिकल आहे, दुकानात रोज दिसतं ते सांगतो, खास करून त्या डेरीफायलिनच्या गोळीबद्दल कारण ते कुणी सांगत नाही.

त्या गोळीत थिओफिलिन असतं. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे लिव्हर हे औषध भराभर संपवतं, म्हणून ओढणाऱ्या माणसाला डोस जास्त लागतो. सिगारेट बंद केली की काही दिवसांत लिव्हर नेहमीच्या वेगावर येतं आणि तोच डोस अंगात जास्त साचायला लागतो. मग हात थरथरणं, धडधड, मळमळ, झोप उडणं. आणि घरचे काय समजतात, सिगारेट सोडल्यामुळे झालं, परत द्या एखादी. म्हणून सोडायची तारीख ठरली की आधी छातीच्या डॉक्टरांना सांगा, डोस बघतील. सायकियाट्रीच्या क्लोझापिन आणि ओलान्झापिन या औषधांनाही हेच लागू. निकोटिनच्या पॅचने किंवा च्युइंगमने हा फरक पडत नाही, तो धुराचा आहे, म्हणून पॅच लावला तरी डोसचं विचारायचंच.

चहाचंही तेच. कॅफिन त्याच मार्गाने संपतं, सिगारेट बंद झाली की तोच कप अंगात जास्त वेळ राहतो. सोडल्यावर चहा वाढवतात लोक आणि मग म्हणतात अस्वस्थ वाटतंय. दुपारनंतरचा चहा कमी करा, निदान अर्धा कप.

कवळीला च्युइंगम चिकटतं, त्रास होतो, त्यापेक्षा पॅच बरा. च्युइंगम घेणारच असतील तर ते गोळीसारखं किंवा बडीशेपेसारखं सतत चावायचं नसतं, दोन-चारदा चावायचं, झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं, आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी घ्यायची नाही नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. बरेच जण भराभर चावतात, उचकी लागते, जळजळ होते आणि तिसऱ्या दिवशी फेकून देतात. २ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं, तरी या वयात विचारून घ्या.

आणि हात जोडून विनंती, झोप येत नाही म्हणून झोपेच्या गोळ्या ओळखीने नेऊ नका. दम असलेल्या माणसाचा श्वास त्याने अजून मंदावू शकतो आणि रात्री बाथरूमला उठताना पडून खुबा मोडतो तो वेगळाच. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, लोक रागावतात, रागावू दे.

पंचवटी_आजोबा

मुलगी टाईप करून देते आहे. वय ७६. मी सोडली तेव्हा सत्तरीला एकच वर्ष कमी होतं, म्हणून त्या भावाने लिहिलंय की सत्तरीनंतर काय फरक पडणार त्याला सांगतो, पडतो. जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं, आता एका दमात जातो. तोंडाची चव परत आली, मला वरणभाताला एवढी चव असते हे विसरायलाच झालं होतं.

पण पोरी, सिगारेट सोडणं अवघड गेलं नाही तेवढा टपरीचा कट्टा सोडणं अवघड गेलं. आमचा चार-पाच जणांचा कट्टा होता, त्यातले दोघं गेले. रिटायर माणसाला दिवसातून कुणी नावाने हाक मारतं ते तिथेच. घरातले म्हणतात सिगारेट सोडा म्हणजे त्यांना सोपं वाटतं, पण तिथं जाणं बंद झालं की दिवसभर भिंती बघायच्या. मला जमलं ते एवढ्यामुळेच की त्या वेळेला दुसरीकडे जायला लागलो. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी आमच्या वयाचे खूप असतात, तिथं बसायला मिळतं, बोलायला मिळतं. तुझ्या वडलांना ट्रॅकवर जा असं सांगू नकोस, तू स्वतः पहिले काही दिवस सोबत जा. बायको गेलेल्या माणसाला एकट्याने बाहेर पडायची लाज वाटते, लोक विचारतील याची भीती वाटते, मी ती भोगली आहे.

सगळ्यात कठीण वेळ जेवण झाल्यावरची. ही गेल्यावर जेवणानंतर कुणाशी बोलायचं तेच कळत नव्हतं, त्या पोकळीत सिगारेट बसायची. मी ताट स्वतः घासायला लागलो आणि मग नातवाला पाढे. बाकी फार काही केलं नाही, आणि डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली होती ती वर्षभर घेतली, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सिन्नरची_सून

आमच्याकडे विड्या वळणं हा घराघरातला धंदा, माझ्या सासूबाईंनी पण आयुष्यभर वळल्या. सासरे विडीच ओढतात आणि त्यांचं ठाम मत की विडी म्हणजे पान आहे, कागद नाही, त्यामुळे सिगारेटएवढी वाईट नाही. हे खूप जणांच्या डोक्यात आहे म्हणून लिहिते. टेंभुर्णीच्या पानातून हवा जात नाही, विडी विझू नये म्हणून भराभर आणि खोल ओढावी लागते, त्यामुळे तंबाखू कमी असली तरी निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड सिगारेटपेक्षा कमी जात नाही, जास्तच जातं. सिगारेट महाग पडते म्हणून विडीवर आले तर त्याला सोडणं म्हणू नका.

आणि बायकांची मशेरी पण लक्षात ठेवा. माझ्या आत्येसासूबाई सकाळी मशेरी लावल्याशिवाय उठून बोलतसुद्धा नाहीत, नाही मिळाली की डोकं दुखतं, रडायला येतं, आम्ही सगळे म्हणायचो स्वभावच तसा आहे. निकोटिन तेच आहे. म्हाताऱ्या बाईला व्यसन असेल असं कुणाच्या मनातच येत नाही त्यामुळे डॉक्टरही विचारत नाहीत.

नाशिकरोडची_लेक

काल रात्री विचारलं. आधी गप्प बसले, मग म्हणाले करून घ्यायचं वगैरे काही मनात नाही पण सकाळी उठावंसं वाटत नाही, आणि मग पहिल्यांदाच आईबद्दल बोलले, बराच वेळ. गुरुवारची वेळ घेतली आहे सायकियाट्रीची. "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला" म्हणाले, मी म्हटलं झोपेसाठी चाललोय, त्यावर तयार झाले, आणि झोपेचं खरंच आहे त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. दादालाही हा धागा पाठवला, तो शनिवारी येतोय, पाकीट हिसकावायचं नाही हे त्याने कबूल केलंय.

आजोबा, तुमचं वाचून दाखवलं त्यांना. काही बोलले नाहीत पण गोल्फ क्लबला कुठल्या बाजूला बसतात ते विचारलं.

सातपूर_शिफ्ट

ताई छान केलंत. मला हे औषधाचं आणि चहाचं काहीच माहीत नव्हतं, सासऱ्यांना दम्याची गोळी होतीच, आता तेव्हाच्या त्या रात्रभर येरझाऱ्या कशाने होत्या ते डॉक्टरांना विचारतो. पण एक प्रश्न राहतोच. समजा माणूस डॉक्टरकडे गेला, सगळं ऐकलं आणि सरळ म्हणाला मला नाही सोडायची, तर? आमचे सासरे तेच म्हणतील.

समुपदेशक_गोदाकाठ

तर उदासीचा इलाज तरी चालू ठेवायचा, तो सिगारेटवर अडवून ठेवायचा नाही. डिप्रेशन उतरायला लागलं की बरेच जण स्वतःच म्हणतात आता कमी करून बघू. गोळ्यांचा फरक दिसायला काही आठवडे लागतात, तोवर घरच्यांनी धीर सोडू नये, आणि या वयात त्या गोळ्यांनी कधी कधी सोडियम कमी होतं म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तर टाळू नका. आधीपेक्षा गळून गेले, गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच कळवा.

मधल्या काळात एकदम सोडा म्हणायची गरज नाही. दिवसाची पहिली सिगारेट किती लवकर पेटते ते बघा, ती अर्धा तास पुढे ढकलता येते का, मग तास. नुसत्या मोजून कमी केल्या तर माणूस उरलेल्या जास्त खोल ओढतो आणि निकोटिन तेवढंच घेतो, म्हणून कमी करतानाही डॉक्टरांना विचारून पॅच किंवा च्युइंगम सोबत दिलं तर उपयोग होतो, पूर्ण सोडायची तयारी नसलेली माणसंसुद्धा त्या वाटेने सुटलेली आहेत. पॅच सकाळी दंडावर किंवा छातीवर केस नसलेल्या जागी लावायचा, रोज जागा बदलायची, रात्री विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढायचा.

घरात ओढायची नाही एवढा नियम मात्र परत आणा, आणि तो बाबांवर लादलेला नको, नातवंडांसाठी आहे असं त्यांच्याशी बोलून ठरवा. पुढे कधी घरी ऑक्सिजन मशीन लागली तर त्या खोलीत काडी पेटवायचीच नाही, आग लागते, हे सातपूरकर तुमच्याकडेही सांगून ठेवा.

तंबाखू सोडायचा सरकारी नंबर पाकिटावरच छापलेला असतो, १८००-११-२३५६, फुकट आहे. पहिला फोन तुम्ही केलात तरी चालेल, पण पुढे ज्याला सोडायचीये त्याच्याशीच बोलतात, तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. गुरुवारी काय झालं ते लिहा, डॉक्टरांनी गोळी दिली तर आत्ता चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणि दिवसाला किती ओढतात तो आकडा एका कागदावर लिहून सोबत न्या.